लेप्रोस म्हणजे कोण? एका ग्रीक शब्दाच्या वादाचा आढावा

११ फेब्रुवारी २०२४ च्या रविवारी, रोमन वाचनक्रमाप्रमाणे, माणिकपूरच्या सेंट मायकल देवळात आणि वसई धर्मप्रांतातल्या इतर देवळांत एकाच मिस्सेत हे दोन उतारे वाचले गेले. पहिला बायबलमधल्या लेवीयच्या तेराव्या अध्यायातला. अंगावर चट्टा उठलेल्या माणसाला याजकाकडे न्यायचं. याजकानं तपासून अशुद्ध ठरवलं, तर त्यानं फाटके कपडे घालायचे, केस मोकळे सोडायचे आणि आपण अशुद्ध असल्याचं ओरडून सांगत वस्तीबाहेर राहायचं. दुसरा उतारा संत मार्कच्या पहिल्या अध्यायातला. असाच एक माणूस येशूपुढे गुडघे टेकतो, येशू हात पुढे करून त्याला शिवतो आणि तो माणूस शुद्ध होतो. प्रचलित मराठी भाषांतरांत या माणसाला बहुधा 'कुष्ठरोगी' म्हटलेलं असतं.

नेमके हेच दिवस सरकारच्या 'स्पर्श' मोहिमेचे असतात. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, ती सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. आरोग्यसेवक गावोगाव सांगत असतात की कुष्ठरोग शाप नाही, औषधानं पूर्ण बरा होतो, रुग्णाला घराबाहेर काढायचं काही कारण नाही. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच माणसाच्या कानावर 'कुष्ठरोगी' हा शब्द दोन पूर्ण वेगळ्या अर्थांनी पडतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'लेप्रोस' आहे. त्याचा अर्थ खरोखर कुष्ठरोगी आहे का, यावर वैद्य, भाषातज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि बायबलचे अनुवादक दीर्घकाळ वाद घालत आले आहेत. हा वाद दिसतो एक, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. हा रोग कोणता होता, तो झालेल्या माणसाचं समाजात स्थान काय होतं, आणि आज मराठीत त्याला काय म्हणावं? पहिल्याचं उत्तर मिळालं की तिसऱ्याचं आपोआप मिळेल, असं अनेक जण धरून चालतात. तसं होत नाही.

खवल्यापासून सुरुवात

ग्रीकमध्ये 'लेपिस' म्हणजे खवला. 'लेपो' म्हणजे सोलणं. त्यावरून 'लेप्रोस' म्हणजे खवलेदार, खरखरीत, आणि 'लेप्रा' हे कातडीला खपल्या धरणाऱ्या विकाराचं नाव. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकग्रंथांत हा शब्द बरेचदा येतो, पण तिथे त्याची फारशी दहशत नाही. वैद्यकसूत्रांमध्ये वसंत ऋतूत उठणाऱ्या विकारांची एक यादी आहे. त्यात लेप्रा हा नायट्यासारख्या विकारांच्या आणि पांढुरक्या चट्ट्यांच्या पंगतीला बसलेला दिसतो. ज्याला आपण आज कुष्ठरोग म्हणतो तो ऋतू पाहून येत-जात नाही. त्याचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच कित्येक वर्षं जातात.

मात्र लेप्रा निरुपद्रवी मानला जात होता, असंही नाही. हेरोडोटसनं इराणी लोकांविषयी लिहिलं आहे की लेप्रा किंवा 'लेउके' म्हणजे पांढरे डाग असलेल्या नागरिकाला ते शहरात येऊ देत नाहीत आणि सूर्याचा काही अपराध घडल्यामुळे हे झालं असं मानतात. खपल्या धरलेल्या कातडीचा देवाच्या कोपाशी संबंध जोडणारे ज्यू लोक एकटे नव्हते, एवढं यातून कळतं.

खऱ्या कुष्ठरोगाला ग्रीक वैद्यांनी नाव दिलं ते वेगळंच. त्याला ते 'एलेफास' किंवा 'एलेफान्तियासिस' म्हणत, हत्तीच्या कातडीवरून. कापादोकियाच्या अरेतेयसनं या रोगाचं केलेलं वर्णन आजच्या डॉक्टरलाही ओळखू येईल इतकं स्पष्ट आहे. चेहरा सुजून सिंहासारखा होणं त्यात आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की पाँपेच्या काळापूर्वी हा रोग इटलीत दिसलेला नव्हता. थोडक्यात, मार्क आणि लूक लिहीत होते तेव्हा ग्रीक भाषेत कुष्ठरोगाला स्वतंत्र नाव होतं आणि त्यांनी ते वापरलेलं नाही.

इथे एक लाडका युक्तिवाद पुढे येतो. परंपरेप्रमाणे लूक हा वैद्य. वैद्यानं 'एलेफास' न म्हणता 'लेप्रा' म्हटलं, म्हणजे त्याला कुष्ठरोग अभिप्रेत नव्हताच. १८८२ मध्ये होबार्ट यांनी लूकची भाषा वैद्याचीच असल्याचं दाखवण्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे हेन्री कॅडबरी यांनी तोच शब्दसंग्रह वैद्य नसलेल्या सुशिक्षित ग्रीक लेखकांतही सापडतो हे दाखवून त्यातली हवा काढली. मला हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी कच्चा वाटतो. लूकच्या हाताशी 'लेप्रा' हा शब्द वैद्यकातून आलाच नव्हता. तो धर्मशास्त्रातून आला होता.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या ज्यू पंडितांनी मोशेचे ग्रंथ हिब्रूतून ग्रीकमध्ये आणले. लेवीयमधल्या 'त्साराअत' या हिब्रू शब्दासाठी त्यांनी 'लेप्रा' निवडला. शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांनी तोच उचलला. पुढे लॅटिन बायबलात तो जसाच्या तसा गेला. खरी गफलत अकराव्या शतकातली मानली जाते. माँते कास्सिनोच्या मठात कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता. अरबीत कुष्ठरोगाला 'जुधाम' आणि पाय सुजण्याच्या रोगाला 'हत्तीचा रोग' म्हणत. हत्तीचं नाव असं अडकून पडल्यामुळे जुधामला 'लेप्रा' हे नाव मिळालं. नावांची अदलाबदल झाली आणि लेवीयमधले सगळे निर्बंध एका वेगळ्याच रोगाच्या माथी आले. जुना अर्थ मात्र पुरता मेला नव्हता. १८०८ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट विलन ज्याला लेप्रा म्हणत होते, तो आजचा सोरायसिस होता. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये हा घोळ निस्तरला. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला, तेव्हा त्यालाही लेप्राचंच नाव चिकटलं.

याजक काय तपासतो

लेवीयचा तेरावा अध्याय एकदा रोगनिदानाच्या नजरेनं वाचून पाहावा. याजक पाहतो की चट्ट्यावरचे केस पांढरे झालेत का, चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतो का, कच्चं मांस दिसतं का. शंका असेल तर सात दिवस कोंडून ठेवतो आणि पुन्हा पाहतो. तरीही ठरत नसेल तर आणखी सात दिवस. डोक्यावरच्या आणि दाढीतल्या खवड्यांसाठी वेगळे नियम. आणि मग सगळ्यात चक्रावणारा नियम, की पांढरेपणा डोक्यापासून पायापर्यंत सर्वांगावर पसरला असेल तर माणूस शुद्ध! कच्चं मांस दिसलं तरच पुन्हा अशुद्ध.

जे तिथे नाही ते जास्त बोलकं आहे. बधिरपणा नाही. बोटं वाकणं, झडणं नाही. नाक बसणं नाही, आवाज घोगरा होणं नाही. कुष्ठरोगाची ओळख ज्यांवर ठरते ती लक्षणं अख्ख्या अध्यायात एकदाही येत नाहीत. सात दिवसांत फरक पडावा असा हा रोगच नाही. पुढे तर लोकरीच्या आणि तागाच्या कापडाला, चामड्याला हिरवट-तांबूस डाग पडले तर तेही त्साराअत. चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला त्साराअत होतो. पावसाळ्यात वसईतल्या कुठल्याही जुन्या घराच्या भिंतीवर याजकाला पुष्कळ काम मिळालं असतं.

हे सगळं नीट मांडलं ते बहुतांशी कुष्ठरोग्यांमध्येच आयुष्य घालवलेल्या मिशनरी डॉक्टरांनी. दक्षिण भारतात काम केलेले रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९६१ मध्ये आणि आफ्रिकेत काम केलेले स्टॅन्ली ब्राऊन यांनी १९७० मध्ये पुस्तिका लिहिल्या. १९७५ मध्ये ई. व्ही. हल्स यांचा सविस्तर लेख आला. तिघांचा सूर एकच, की त्साराअत हा एक रोग नव्हे. सोरायसिस, डोक्यातले बुरशीजन्य खवडे, काही प्रकारचा इसब, कदाचित कोड, अशा अनेक विकारांवर टाकलेलं ते एक पांघरूण आहे. या डॉक्टरांना हा भाषेचा खेळ नव्हता. बायबलात लिहिलंय म्हणून आपल्या रुग्णाला घरातून काढलं जातं, हे ते रोज पाहत होते.

दुसरी बाजू इतकीच म्हणते, की पांघरूण एवढं मोठं असेल तर त्याखाली थोडे खरे कुष्ठरोगीही असू शकतील. लेवीयपुरता या म्हणण्याला फारसा आधार नाही. पण लेवीय आणि मार्क यांच्यात काही शतकांचं अंतर आहे, आणि तिथे हाडांचा पुरावा आड येतो.

हाडं काय सांगतात

कुष्ठरोग हाडांवर खुणा ठेवतो. नाकाचा काटा झिजतो, वरच्या दातांना धरणारं हाड खचतं, बोटांची टोकं पेन्सिलीसारखी निमुळती होतात. डेन्मार्कच्या म्योलर-क्रिस्टेन्सन यांनी मध्ययुगीन कुष्ठालयांच्या दफनभूमीतून या खुणा शिकून घेतल्या आणि मग प्राचीन लाखीश शहरातल्या शेकडो कवट्या तपासल्या. त्यांत एकही कुष्ठरोगी सापडला नाही. जुन्या कराराच्या काळात पॅलेस्टाइनमध्ये हा रोग नव्हता, या मताला त्यातून बळ मिळालं.

भारतात चित्र उलटं. उदयपूरजवळच्या बालाथल इथे सापडलेल्या, इ.स.पू. २००० च्या आसपासच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत. त्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातून हा रोग अलेक्झांडरच्या परतणाऱ्या सैन्याबरोबर पश्चिमेला गेला असावा, असा एक जुना तर्क आहे. इजिप्तच्या दाखला ओअॅसिसमधल्या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या कवट्या त्या तर्काशी जुळतात. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. व्यापारी जहाजं अलेक्झांडरच्या आधीही जात-येत होती.

या वादाला सर्वांत मोठा धक्का दिला तो जेरुसलेमच्या हिन्नोम खोऱ्यातल्या एका थडग्यानं. कापडात गुंडाळलेला एक पुरुष तिथे सापडला, काळ पहिल्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे येशूचा समकालीन. २००९ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत त्याच्या अवशेषांत क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या, दोन्ही जंतूंचा डीएनए आढळला. त्या काळच्या जेरुसलेममध्ये कुष्ठरोग होता, हे आता नाकारता येत नाही. पण त्या माणसाला शेजारीपाजारी 'लेप्रोस' म्हणत होते का? थडगं श्रीमंतांच्या दफनस्थळातलं, घराण्याचं. अशुद्ध ठरवून वस्तीबाहेर काढलेल्याला घराण्याच्या थडग्यात जागा मिळाली असती का, हा प्रश्न त्या डीएनएपेक्षा मला जास्त अडवतो. जंतूचा पुरावा मिळाला म्हणून शब्दाचा अर्थ मिळाला असं होत नाही.

रोग की विटाळ?

गेल्या तीन-चार दशकांत अभ्यासकांचा एक मोठा गट म्हणू लागला आहे की रोग कोणता, हा प्रश्नच चुकीच्या दाराशी उभा आहे. जेकब मिलग्रॉम यांच्या १९९१ च्या लेवीयवरील भाष्यानं ही दिशा पक्की केली. त्यांच्या मते याजक वैद्य नाही. तो उपचार करत नाही, फक्त शुद्ध की अशुद्ध एवढं ठरवतो. सोलत, कुजत चाललेली कातडी मृत्यूची आठवण देते, आणि मृत्यूची सावली पवित्र स्थानापासून दूर ठेवायची असते. म्हणून रोग बरा झाल्यावरही माणूस आपोआप शुद्ध होत नाही. दोन पक्षी, देवदाराचं लाकूड, किरमिजी धागा, एजोब, केस-भुवया भादरणं, असा मोठा विधी करावा लागतो. मार्कमध्येही येशू त्या माणसाला याजकाकडे जाऊन मोशेनं सांगितलेलं अर्पण करायला बजावतो. शुभवर्तमानांत इतर रोगी 'बरे' होतात, लेप्रोस मात्र बहुतेक वेळा 'शुद्ध' होतो.

मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. रोगी आणि विटाळलेला हे दोन वेगळे आहेत, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं. सुतक पाळणारा आजारी नसतो. अर्थात विटाळ या शब्दानं आपल्याकडे माणसांच्या मोठमोठ्या समूहांचं काय केलं, हेही ठाऊक असतं. त्यामुळे तो शब्द इथे वापरताना हात जरा थांबतो.

ज्यू धर्मशास्त्राचा या गटाला मोठा आधार आहे. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहातल्या या विषयावरच्या भागात परधर्मीयाच्या अंगावरच्या चट्ट्यानं विटाळ होत नाही. नवऱ्या मुलावर डाग दिसला तर लग्नाचे सात दिवस तपासणी पुढे ढकलतात. लेवीयमध्येच, भिंत तपासायला याजक येण्यापूर्वी घरातलं सामान बाहेर काढायला सांगितलंय, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. संसर्गाची भीती असती तर हे तिन्ही नियम वेडेपणाचे ठरले असते.

या मांडणीवर आक्षेपही आहे. नियम लिहिणाऱ्या याजकाच्या डोक्यात विटाळ असेल, पण गालिलीतल्या शेतकऱ्याच्या डोक्यातही फक्त विटाळच होता असं कशावरून? अंगाला खाज, खपल्या, रक्त हे त्या माणसाचं शारीरिक दुःख होतं. त्याला केवळ प्रतीक करून टाकलं तर पुन्हा त्याच्यावरच अन्याय होतो. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

शिमोनच्या घरचं जेवण

स्थानाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. प्रवचनांतून आपण ऐकतो की लेप्रोस म्हणजे समाजानं पूर्ण वाळीत टाकलेला. मार्कच्या चौदाव्या आणि मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात मात्र बेथानीला 'शिमोन लेप्रोस' याच्या घरी येशू जेवायला बसलेला आहे. घर त्याचं, पंगत त्याची. जुनं उत्तर असं की तो बरा झालेला होता, नाव तेवढं चिकटून राहिलं. गावाकडे अशी नावं चिकटतात, हे खरं. दुसरं उत्तर अरामी भाषेचा आधार घेतं. त्या लिपीत स्वर लिहीत नसल्यामुळे 'लेप्रोस' आणि 'घडे करणारा किंवा विकणारा' हे शब्द सारखेच दिसतात, तेव्हा शिमोन कुंभार असावा आणि ग्रीक अनुवादकानं घोटाळा केला असावा. कल्पना चतुर आहे. पण शुभवर्तमानं मुळात अरामीत लिहिली गेली हे मान्य असेल तरच ती उभी राहते, आणि बहुसंख्य अभ्यासक ते मान्य करत नाहीत.

तिसरं उत्तर अधिक सरळ आहे. मायरिक शिनॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं, की शुभवर्तमानांतले लेप्रोस आपण समजतो तितके बहिष्कृत नाहीतच. मार्कमधला माणूस येशूपर्यंत पोचतो, त्याला कुणी हाकलत नाही. त्याच्याआधी जुन्या करारातला नामान तर अरामाचा सेनापती, राजा देवळात वाकताना त्याच्याच हाताचा आधार घेतो. ज्यू इतिहासकार जोसेफसही लिहितो की अनेक देशांत लेप्रोस लोक मानाची पदं आणि सैन्याची सूत्रं सांभाळतात. दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसच्या तुकड्यात, जो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला, येशूकडे आलेला माणूस सांगतो की लेप्रोस लोकांबरोबर प्रवास करताना आणि धर्मशाळेत जेवताना आपल्यालाही तो रोग लागला. म्हणजे ते प्रवास करत होते, धर्मशाळेत पंगतीला होते.

पण लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा जण दूर उभे राहूनच हाक मारतात. जुन्या करारातला राजा उज्जीया मरेपर्यंत वेगळ्या घरात राहतो. दोन्ही प्रकारचे पुरावे एकाच ग्रंथसंग्रहात आहेत. गाव, काळ आणि माणसाची ऐपत यांप्रमाणे वागणूक बदलत असावी, याहून पक्कं विधान आज कुणाला करता येत नाही. सेनापतीचे चट्टे आणि भिकाऱ्याचे चट्टे कुठल्याच गावात सारखे मोजले जात नाहीत.

मार्कमधल्या त्याच प्रसंगात आणखी एक गाठ आहे. बहुतेक हस्तलिखितांत त्या माणसाला पाहून येशूला कळवळा आला असं आहे. कोडेक्स बेझे या प्राचीन हस्तलिखितात मात्र तो रागावला असं आहे. अवघड पाठ मूळ असण्याची शक्यता जास्त, या नियमानं काही तज्ज्ञ रागाला मूळ मानतात. राग कशावर, रोगावर, नियमांवर, की पाळलेल्या अंतरावर, यावर तर स्वतंत्र लेख होईल.

मराठीचा पेच

आता तिसरा प्रश्न, आणि आपल्यासाठी सर्वांत जवळचा. मराठीत हाताशी शब्द आहेत महारोग, कुष्ठरोग, कोड आणि बोलीतली रगतपिती. प्रत्येकाची अडचण वेगळी.

'कुष्ठ' हा शब्द मुळात लेप्राइतकाच ऐसपैस. चरक-सुश्रुतांच्या आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. दद्रु म्हणजे नायटा, सिध्म म्हणजे आपली शिबं, विचर्चिका म्हणजे बहुधा इसब, आणि हत्तीच्या कातडीसारखं जाड होणारं चर्मकुष्ठ. सगळी कुष्ठंच. दद्रु मोठ्यांत घालायचा की छोट्यांत, यावर चरक आणि सुश्रुत यांचं एकमत नाही. आणि याच गर्दीत सुश्रुत बधिरपणा, नाक बसणं, बोटं गळणं यांचंही वर्णन करतो, जे लेवीयमध्ये औषधालाही नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या वैद्याला 'लेप्रा'साठी शब्द विचारला असता, तर 'कुष्ठ' हे उत्तर अगदी बरोबर ठरलं असतं. आजच्या मराठीत मात्र तो अर्थ आक्रसला. कुष्ठरोग म्हणजे फक्त हॅन्सनच्या जंतूचा रोग. शब्द तोच राहिला आणि त्याच्याखालची जमीन सरकली.

'महारोग' हा शब्द तर संस्थांच्या पाट्यांवर कोरलेला आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला उभ्या केलेल्या संस्थेच्या नावात 'महारोगी' आहे. बाबा आमट्यांची १९४९ ची संस्थाही महारोगी सेवा समिती. याच काळात शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीच्या तपोवनात काढलेल्या संस्थेच्या नावात 'कुष्ठ' आला. महारोग या शब्दातली धास्ती या संस्थांच्या कामामुळे बरीच निवळली, पण बायबलच्या वाचकाला तो थेट बाबा आमट्यांच्या आनंदवनातल्या माणसाकडेच नेतो. लेवीयमधला हुकूम मग त्याच माणसाला लागू होतो.

'कोड' निवडावं, पांढरेपणाचं वर्णन त्याला जुळतं, असंही सुचवलं जातं. जुन्या करारातली मिर्याम बर्फासारखी पांढरी झाली, गेहजीही तसाच. इंग्रजीतही पूर्वी कोडाला पांढरी लेप्रसी म्हणत. पण मग ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाईल एवढंच. कोडामुळे लग्न मोडणं, नोकरीत डावललं जाणं हे महाराष्ट्रात आजही घडतं. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशननं त्याविरुद्ध काम उभं केलं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २००६ चा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर आहे. ज्यांनी एवढं करून हा डाग पुसत आणला, त्यांच्या माथी लेवीय मारणं हा उपाय म्हणता येणार नाही. सोरायसिसबद्दलही तेच.

इंग्रजी अनुवादकांनी दुसरी वाट धरली. १९७६ च्या गुड न्यूज बायबलनं 'भयानक त्वचारोग' अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. न्यू इंटरनॅशनल व्हर्शननं लेवीयमध्ये आधी 'संसर्गजन्य त्वचारोग' आणि २०११ मध्ये 'विटाळणारा त्वचारोग' असा बदल केला. हा बदल वैद्यकाकडून विटाळाकडे झाला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. नव्या करारात मात्र बहुतेकांनी जुनाच शब्द ठेवला.

जुना शब्द ठेवावा म्हणणाऱ्यांचं म्हणणंही हलक्यात काढण्यासारखं नाही. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये सुरू केलेलं कुष्ठरोग मिशन, अचलपूरजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय, मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय, मोलोकाईचे फादर डेमियन, या सगळ्यांना प्रेरणा मिळाली ती शुभवर्तमानातला तो माणूस आणि आपल्या दारातला कुष्ठरोगी एकच आहेत, या समजुतीतून. समजूत चुकीची असेल, तिनं केलेलं काम खरं आहे. पण १८९० मध्ये मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभा राहिला, त्यामागे सेवेइतकीच त्यांना रस्त्यावरून हटवण्याची घाईही होती. १८९८ च्या कायद्यानं भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून कोंडण्याची सोय केली आणि तो कायदा केंद्रानं रद्द केला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण असू शकतं, ही तरतूद २०१९ पर्यंत कायद्यात होती. त्या समजुतीचे दोन्ही हिशोब एकाच वहीत आहेत.

आज वाद कुठे आहे

लेवीयमधला त्साराअत हा हॅन्सनचा रोग नव्हे, यावर आता जवळजवळ एकमत आहे. शुभवर्तमानांतला लेप्रोस कधी कधी खरा कुष्ठरोगी असू शकतो का, हे खुलं आहे, आणि आणखी थडगी उघडली तरी पूर्ण मिटेल असं वाटत नाही. बहिष्काराची तीव्रता किती, यावरचा वाद तर नुकताच रंगू लागला आहे.

ज्यांच्यावर या शब्दाचा परिणाम होतो त्यांचा आवाज मात्र वादात उशिरा आला. १९४८ मध्ये हवाना इथल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेनं रुग्णाला रोगाच्या नावानं हाक मारणारा इंग्रजी शब्द सोडावा असं ठरवलं. ब्राझीलनं १९९५ मध्ये सरकारी कागदपत्रांतून लेप्रा हा शब्दच काढला. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भेदभाव संपवण्यासाठी तत्त्वं स्वीकारली. भारतात २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी. तरीही दर वर्षी आपल्याकडे लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. बहुविध औषधोपचार सहा ते बारा महिन्यांचा आहे. तो सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून संसर्ग होणं थांबतं.

मराठी बायबलच्या पुढच्या आवृत्तीला या सगळ्यातून वाट काढायची आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीसाठी झटत होतं. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं तेही वाचणाऱ्याला अडखळू न देण्यासाठी. दोघांच्या परंपरेला शोभेल असा एकच शब्द मिळणं कठीण. मला स्वतःला लेवीयमध्ये 'विटाळणारा त्वचाविकार' आणि शुभवर्तमानांत 'त्वचाविकारानं अशुद्ध ठरलेला' हे लांबलचक पण खरं रूप पटतं. त्यानं डेमियन किंवा दत्तपूर यांच्याशी असलेला धागा तुटेल, असा आक्षेप येईल आणि तो खोडता येणार नाही. 'कुष्ठरोगी' कायम ठेवून खाली टीप द्यावी, हा मध्यममार्ग छापील पुस्तकाला चालेल. मिस्सेत वाचक उतारा मोठ्यानं वाचतो तेव्हा टीप वाचत नाही. तिथे ती जबाबदारी प्रवचन करणाऱ्या फादरांवर पडते, आणि वाचनाआधी दोन वाक्यांची प्रस्तावना जोडण्याची मुभा वाचनविधीत आजही आहे.